भाषांच्या वर्गातील मानकरणी

वर्धापनदिन जवळ आला की आपल्या मंडळात हळदीकुंकू, स्नेहसंमेलन आणि परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा गुणगौरव हे तीन कार्यक्रम ठरलेलेच असतात. त्यांपैकी गुणगौरवाच्या कार्यक्रमात एक गोष्ट दरवर्षी माझ्या नजरेत भरते. अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीला प्रवेश मिळालेल्या मुलीचे नाव पुकारले की टाळ्यांचा कडकडाट होतो. इंग्रजी, मराठी अथवा संस्कृत घेऊन बी.ए., एम.ए. झालेल्या मुलीचे नाव आले म्हणजे टाळ्या पडतात खऱ्या, पण पाठोपाठ कोणीतरी शेजारणीच्या कानाशी लागून विचारतेच, "आता पुढे काय करणार म्हणे ही?"

भगिनींनो, हा प्रश्न कोणी दुष्टाव्याने विचारीत नाही. महागाईच्या दिवसांत पोटापाण्याची काळजी कोणाला सुटली आहे! तथापि विद्यापीठातील भाषाविभागांत शिकलेल्या आणि शिकविलेल्या स्त्रियांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर असे दिसते की टाळ्या त्यांना मिळाल्या, कौतुकही झाले. अडले ते त्यानंतर. टाळ्यांबरोबर जे ओघानेच हाती यावयास हवे होते, ते देताना मात्र हात आखडला गेला. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. त्या वेळचे विद्यापीठ म्हणजे आजच्यासारखे निरनिराळे विभाग, त्यांचे प्रमुख आणि वसतिगृहे असा पसारा नव्हे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते केवळ परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचे काम मुंबईचे एल्फिन्स्टन, पुण्याचे डेक्कन कॉलेज अशा महाविद्यालयांकडे असे. 1862 साली बी.ए.ची पहिली परीक्षा चौघेजण उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ही नावे वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण त्यांतील तिघे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

त्या अभ्यासक्रमात इंग्रजी साहित्याचा मान मोठा होता. प्रख्यात आंग्ल कवी वर्डस्वर्थ यांचे सख्खे नातू, त्यांचेही नाव विल्यम वर्डस्वर्थच, हे डेक्कन कॉलेजचे आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य होते. आजोबांची कविता नातवाच्या तोंडून समजावून घेण्याचा योग मुळामुठेच्या काठी बसलेल्या आपल्या पोरांना आला, ही मौजच म्हणावयाची. मराठीचे नशीब मात्र उलटे फिरले. पहिली काही वर्षे परीक्षांत तिला जागा होती. 1860 नंतरच्या दशकात पदवीच्या परीक्षांतून देशी भाषा वगळण्यात आल्या आणि संस्कृतादी प्राचीन भाषा त्यांच्या जागी आल्या. मराठीत पदवीच्या तोलाचे वाङ्मय नाही, हा आक्षेप. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेविषयी हे बोलले जात होते! रानड्यांनी तिला परत जागा मिळावी म्हणून अखेरपर्यंत खटपट केली. 1901 साली त्यांचा अंत झाला, त्या सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला. आज मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला (ही गोष्ट 2024 च्या ऑक्टोबरातली) म्हणून आपण पेढे वाटले. पण स्वतःच्याच प्रांतातील विद्यापीठाच्या दारात ती किती वर्षे ताटकळत उभी होती, हेही मुलींना सांगितले पाहिजे.

ताटकळण्यात मराठीला स्त्रियांची सोबत होती. कलकत्ता विद्यापीठाने 1878 साली स्त्रियांना परीक्षांचे दार उघडले आणि 1884 साली चंद्रमुखी बसू तेथून एम.ए. झाल्या. पुढे त्या बेथून कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. मुंबई विद्यापीठाने तशी तरतूद 1883 साली केली. तिचा लाभ घेऊन पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली स्त्री म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. 1866 साली नाशिकला जन्मलेली, पारशी कुळातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातील ही मुलगी. तिची आई पुण्यात शाळा चालवीत असे. डेक्कन कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एकटी बसून तिने साहित्याचा अभ्यास केला आणि 1888 साली ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. कॉलेजात तिचे गुण सर्वांत अधिक होते.

या पहिल्या क्रमांकाबरोबर इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. क्रमांक तिला मिळाला. शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही. कारण काय, तर उमेदवार स्त्री होती. परीक्षेच्या वेळी विद्यापीठाला ती स्त्री असल्याची अडचण वाटली नव्हती. पैसे द्यावयाची वेळ आली तेव्हा ती आठवली. कॉर्नेलियाबाई रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकविण्याची तात्पुरती जागा पत्करली. समोर सगळे पुरुष विद्यार्थी, आणि शिकविणारी बावीस वर्षांची तरुणी! त्या काळी खुद्द ऑक्सफर्डलाही इंग्रजी साहित्याची स्वतंत्र ऑनर्स परीक्षा सुरू व्हावयाची होती. ती पुढे पाच-सहा वर्षांनी निघाली. इंग्लंडातील काही हितचिंतकांनी पैसे जमविले तेव्हा 1889 साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. 1892 साली त्यांनी कायद्याची वरची परीक्षा दिली. तेथे ती देणारी पहिली स्त्री त्याच. पण पदवी? ती त्यांना मिळाली 1922 साली, म्हणजे तीस वर्षांनी, कारण ऑक्सफर्ड 1920 पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नसे आणि केंब्रिजने तर 1948 पर्यंत दम धरला. मुंबई विद्यापीठाने 1888 साली जे केले त्याचा आपण अभिमान बाळगावा तो या दृष्टीने. बाईंची राजकीय मते आपल्याला मानवणारी नव्हती, इंग्रजी राज्याची बाजू त्यांनी घेतली. तरी पडद्यातील स्त्रियांच्या मालमत्तेसाठी त्यांनी जी वकिली केली तिचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

आता त्या चौघा पदवीधरांकडे वळू. रानडे, भांडारकर आणि मोडक या तिघांनी पुढाकार घेऊन 1884 साली पुण्यात मुलींची मोठी शाळा काढली. तीच आपली हुजूरपागा. मुलींना इंग्रजी शिकवून करावयाचे काय, त्या घरकामाला निरुपयोगी होतील, अशी कडक टीका पुण्यातील वर्तमानपत्रांनी केली. टीका करणारे साधेसुधे लोक नव्हते, खुद्द 'केसरी' त्यांत होता. शाळा टिकली. मुलांना मिळालेले इंग्रजी आणि संस्कृत मुलींनाही मिळावे एवढाच या पदवीधरांचा हट्ट होता आणि त्याची फळे पुढच्या शतकात दिसली. ती मी पुढे सांगणारच आहे.

मध्ये एक वेगळा प्रयोग झाला, त्याचाही उल्लेख झाला पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका मिळाली. तिच्यावरून त्यांनी 1916 साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापले. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय अशी त्यांची योजना होती. पदव्यांची नावेही आपल्या भाषेतील, गृहीतागमा आणि प्रदेयागमा. जी.ए. आणि पी.ए. ही अक्षरे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी जुन्या नावांपुढे वाचलेली असतील. या विद्यापीठावर दोन्हीकडून बोल आले. मातृभाषेतून मिळालेली पदवी हलकी, असे एक पक्ष म्हणे. गांधीजींसारख्यांना मातृभाषेचे माध्यम पसंत होते, पण इंग्रजीची सक्ती नको होती. कर्वे दोन्ही ऐकून घेत आणि आपल्या मार्गाने चालत. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 साली पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि संस्थेला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. कायद्याने मान्यता यावयास मात्र स्वातंत्र्यानंतरचे 1951 साल उजाडावे लागले. म्हणजे पस्तीस वर्षे तेथील पदवीधर भगिनी सरकारदरबारी अर्ध्याच पदवीधर!

ही "हलकी" पदवी घेतलेल्या मुलींनी काय केले, असे कोणी विचारील. एकच नाव सांगते. बाळूताई खरे, म्हणजे पुढे मालतीबाई बेडेकर, याच विद्यापीठाच्या. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने निघाला आणि अवघा महाराष्ट्र ही विभावरी कोण म्हणून शोधीत राहिला. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनातली घुसमट तोवर मराठीत कोणी अशी मांडली नव्हती. ती मांडण्यास लागणारी मराठी या मुलींना वर्गातून मिळाली होती. मुंबई विद्यापीठाच्या वर्गात मिळाली असती की नाही, याची मला शंकाच आहे.

आता नागपूरकडे चलू. नागपूर विद्यापीठ 1923 सालचे. तेथील मॉरिस कॉलेजात 1931 साली इंग्रजी शिकविण्यास एक स्त्री आली. ती म्हणजे कुसुमावती देशपांडे. माहेरच्या त्या जयवंत, जन्म अमरावतीचा, 1904 चा. शाळा पुण्याची हुजूरपागा. नागपूर विद्यापीठाची पदवी त्यांनी 1926 साली घेतली, आणि मग लंडनला जाऊन इंग्रजी साहित्यात तेथील विद्यापीठाची पदवी 1929 साली मिळविली. त्याच वर्षी कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहापूर्वीचा दोघांचा पत्रव्यवहार अनिलांनी पुढे 1972 साली 'कुसुमानिल' या नावाने छापला. ज्या भगिनींनी तो वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा. सुशिक्षित मुलगी प्रेमाची पत्रे लिहिताना पुस्तकांविषयीही किती लिहिते, हे पाहून करमणूक होते आणि आदरही वाटतो.

लंडनहून इंग्रजी शिकून आलेली विदुषी इंग्रजीतच लिहीत राहिली असती तर कोणी नवल केले नसते. कुसुमावतींनी वर्गात इंग्रजी शिकविले आणि लिहिले मराठीत. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' हे त्यांचे कथासंग्रह 1934 ते 1945 या काळातले. त्यांत कथानकाची गुंतागुंत नाही. साध्या माणसांच्या आयुष्यातला एखादा क्षण उजळून दाखविलेला असतो. मराठी नवकथेची चाहूल या कथांत लागते असे जाणकार सांगतात. पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम समीक्षेतले. 'पासंग' हा लेखसंग्रह 1954 चा. त्याच सुमाराला 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ आला. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' हे विधवांच्या दुःखावरचे पुस्तक 1857 चे, म्हणजे ज्या वर्षी विद्यापीठ निघाले त्याच वर्षीचे. तेव्हापासूनच्या मराठी कादंबरीची त्यांनी एकेक करून परीक्षा घेतली. इंग्रजी कादंबरी अंगी मुरलेली असल्यामुळे त्यांच्याजवळ एक माप होते, पण ते माप त्यांनी मराठी लेखकांच्या डोक्यात घातले नाही. आपल्या घरातील धान्य आपल्याच सुपात पाखडावे तसे केले. ज्या भाषेत पदवीच्या तोलाचे वाङ्मय नाही असे एके काळी म्हटले गेले, तिच्यातील एका वाङ्मयप्रकाराचा शंभर वर्षांचा हिशेब एका इंग्रजीच्या प्राध्यापिकेने मांडून दाखविला. भाषाविभागाच्या यशाचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे त्या आकाशवाणीवर स्त्रियांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या निर्मात्या झाल्या. 1961 साली ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पहिले ग्रंथकार संमेलन पुण्याला 1878 साली रानड्यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते. तेव्हापासून त्र्याऐंशी वर्षांत त्या जागी एकही स्त्री बसली नव्हती. रानड्यांच्या शाळेतली मुलगीच रानड्यांच्या खुर्चीवर प्रथम बसली. त्यापूर्वी तीनच वर्षे, 1958 साली मालवणला, कवी अनिल अध्यक्ष झाले होते. त्याच 1961 सालच्या नोव्हेंबरात कुसुमावतींचे निधन झाले. साहित्य अकादमीने मराठी साहित्याचा इंग्रजी इतिहास 1988 साली छापला, त्यावर त्यांचे आणि प्रा. मं. वि. राजाध्यक्ष यांचे अशी दोन नावे आहेत. राजाध्यक्षही इंग्रजीचेच प्राध्यापक.

नागपूरचीच दुसरी गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. ती इंग्रजीची नव्हे, संस्कृतची आहे, आणि ऐकावयास तितकी सुखाची नाही. कुमुद पावडे यांचा जन्म 1938 सालचा. दलित समाजातील या मुलीला संस्कृतची गोडी लागली. शाळेत त्यांना संस्कृत शिकविणारे गोखले गुरुजी जुन्या वळणाचे होते, पण विद्या देताना त्यांनी आपपरभाव केला नाही. ही गोष्ट कुमुदताईंनी स्वतः कृतज्ञतेने लिहून ठेवली आहे. जी भाषा आपल्या आजी-पणजीच्या कानांवर पडू नये अशी समाजाची आज्ञा होती, ती भाषा घेऊन त्या नागपूर विद्यापीठाच्या एम.ए. झाल्या, आणि तेही उत्तम रीतीने. वर्तमानपत्रांतून कौतुक छापून आले. टाळ्या झाल्या.

आणि मग नोकरी मिळेना. मुलाखतींना जावे आणि हात हलवीत परत यावे, असा दोन वर्षे क्रम चालला. संस्कृतच्या एम.ए.ची वाण होती असे नव्हे; संस्कृत शिकवावयास समोर कोण उभे राहणार, हा प्रश्न होता. पुढे त्यांचा आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवर हे माहेरचे आडनाव जाऊन पावडे हे आडनाव आले, आणि थोड्याच दिवसांत नेमणूकही झाली. पदवी तीच, गुण तेच, बाई तीच. बदलले फक्त आडनाव. कुमुदताईंनी हे सारे 'अंतःस्फोट' या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले आहे. त्यांतील 'माझ्या संस्कृतची कथा' हा लेख आपल्यापैकी प्रत्येकीने एकदा तरी वाचावा. त्या पुढे संस्कृतच्या प्राध्यापिका म्हणून नावारूपाला आल्या, दलित स्त्रियांच्या चळवळीत अग्रभागी राहिल्या आणि 2023 साली वारल्या. कॉर्नेलियाबाईंची शिष्यवृत्ती स्त्री म्हणून अडली, हे आपण रागारागाने सांगतो. कुमुदताईंची नोकरी ज्या कारणाने अडली, त्याविषयी मात्र आपल्या बैठकांत आवाज खाली जातो. मला ते रुचत नाही, म्हणून येथे लिहून ठेविले.

शांताबाई शेळके यांचे नाव घेतले की आपल्याला गाणी आठवतात. पण त्याही भाषेच्या वर्गातल्या अव्वल विद्यार्थिनी. जन्म 1922 सालचा इंदापूरचा, शाळा पुन्हा हुजूरपागाच, कॉलेज पुण्याचे स. प. महाविद्यालय. 1944 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.च्या परीक्षेत मराठी घेऊन पहिल्या आल्या आणि न. चिं. केळकर व चिपळूणकर यांच्या नावांची पारितोषिके त्यांना मिळाली. काही काळ आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये उमेदवारी केल्यावर त्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आणि नंतर मुंबईच्या महाविद्यालयांत मराठी शिकवीत राहिल्या. दिवसा तास आणि रात्री गीते, लेख, भाषांतरे. आपल्या मुलींनी 'चौघीजणी' वाचली असेल. ती अमेरिकेतली चार बहिणींची गोष्ट शांताबाईंनी अशी मराठीत आणली की त्या बहिणी सदाशिव पेठेत राहत असाव्यात असे वाटते.

महर्षी कर्व्यांच्या घरातही पुढे एक चमत्कारिक योग आला. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या या आजोबांची नात, इरावतीबाईंची कन्या गौरी देशपांडे, इंग्रजी साहित्याची डॉक्टरेट घेऊन पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात शिकवू लागली. आरंभीच्या त्यांच्या कविताही इंग्रजीतल्या. पण कथाकादंबऱ्या लिहावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी मराठीच धरली, आणि अरबी सुरस कथांचा बर्टनकृत इंग्रजी ग्रंथ सोळा खंडांत मराठीत उतरविला. सोळा खंड! नुसते वाचावयाचे म्हटले तरी धीर खचतो. त्यांच्या नायिका काहींना फार मोकळ्या वाटतात. माझ्या पिढीतल्या कित्येकींनी ती पुस्तके कपाटाच्या मागच्या रांगेत ठेविली होती. ठेविली होती, टाकली नव्हती.

पुरुषांची नावे घ्यावयाची तर यादी लांबेल. मराठीला ज्ञानपीठ पुरस्कार आजवर चौघांमुळे मिळाला आणि त्यांतील दोघे, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे, इंग्रजीचे अध्यापक. 'सौंदर्यमीमांसा' लिहिणारे रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. धारवाडला इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी आपल्या कथांनी मराठीभर पोहोचले. इंग्रजीच्या वर्गाने मराठीचे नुकसान केले असे जे म्हणतात, त्यांनी ही नावे वजा करून उरते किती ते पाहावे.

ग्वाल्हेरनंतर संमेलनाच्या अध्यक्षपदी दुसरी स्त्री येण्यास चौदा वर्षे लागली. 1975 साली कराडला दुर्गाबाई भागवत आल्या. त्यांचा एम.ए.चा अभ्यास समाजशास्त्राचा, पण संस्कृत आणि पाली यांच्यावाचून तो झालाच नसता. आणीबाणीच्या काळात ते पद भूषवून सरकारला खडे बोल सुनावण्याचे धैर्य त्यांनी दाखविले आणि 1976 साली तुरुंगवास पत्करला. त्यानंतर एकवीस वर्षांचा खंड. 1996 साली आळंदीला शांताबाई, 2001 साली इंदूरला विजया राजाध्यक्ष. विजयाबाईंनी एल्फिन्स्टनला आणि पुढे कर्व्यांच्याच विद्यापीठात मराठी शिकविले. मर्ढेकरांच्या कवितेवरील त्यांच्या ग्रंथाला 1993 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मग 2019 साली यवतमाळला अरुणा ढेरे आणि 2025 साली दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनात तारा भवाळकर. दोघीही मराठीच्या अभ्यासक. ओव्या, दैवतकथा, लोकनाट्य अशी जी विद्या आपल्या आज्यांच्या जात्यावर होती, ती या दोघींनी संशोधनाच्या दालनात सन्मानाने आणून बसविली. अठ्ठ्याण्णव संमेलनांत स्त्री अध्यक्षा सहा. हिशेब ज्याचा त्याने करावा.

मंडळाच्या ग्रंथालयात यांपैकी काय काय आहे ते मी ग्रंथपालबाईंना सोबत घेऊन पाहिले. 'चौघीजणी'च्या दोन प्रती आहेत, एकीची पाने सुटली आहेत. 'कुसुमानिल' आहे. दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' आणि 'व्यासपर्व' ही दोन्ही आहेत आणि 'व्यासपर्व' सहा महिन्यांपासून एका भगिनीकडे आहे, त्यांनी ते कृपया परत करावे. 'पासंग', 'मराठी कादंबरी : पहिले शतक' आणि 'अंतःस्फोट' ही तीन नाहीत. यंदाच्या पुस्तकखरेदीच्या यादीत ती मी लिहून दिली आहेत; पैकी 'अंतःस्फोट'च्या दोन प्रती घ्याव्या असा माझा आग्रह राहील.